अधिवेशन संपते, विधेयक उरते

१० डिसेंबर २०१३ रोजी अण्णा हजारे राळेगणसिद्धीच्या यादवबाबा मंदिराच्या आवारात उपोषणाला बसले. वाहिन्यांचे कॅमेरे त्यांच्या घटत्या वजनाकडे वळले होते. खरी घालमेल मात्र दिल्लीतल्या तारखांची होती. लोकपाल विधेयक लोकसभेने २७ डिसेंबर २०११ रोजी मंजूर केले होते. दोनच दिवसांनी, २९ डिसेंबरला, राज्यसभेत मध्यरात्रीपर्यंत त्यावर चर्चा झाली आणि मतदान न होताच सभागृह उठले. मे २०१२ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे गेले. त्यानंतर अधिवेशनांमागून अधिवेशने आली आणि गेली, पण विधेयक ना मंजूर झाले ना मेले. लोकसभेची निवडणूक २०१४ च्या उन्हाळ्यात ठरलेली होती. त्याआधी राज्यसभेने मंजुरी दिली नसती, तर लोकसभेबरोबर तेही कागद गुंडाळले गेले असते.

उपोषणात घाई का होती, ते राज्यघटनेच्या १०७ व्या अनुच्छेदात वाचायला मिळते. सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयक व्यपगत होत नाही, असे तिसरे कलम सांगते. लोकसभेने मंजूर न केलेले आणि राज्यसभेपुढे असलेले विधेयक लोकसभेच्या विसर्जनानंतरही टिकते, हे चौथे. लोकसभेपुढे असलेले, किंवा तिने मंजूर करून राज्यसभेकडे पाठवलेले विधेयक मात्र विसर्जनाबरोबर संपते, हे पाचवे. आपल्या विधानमंडळासाठी हीच व्यवस्था १९६ व्या अनुच्छेदात आहे.

ही सोय घटनाकारांनी १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून जवळजवळ जशीच्या तशी उचलली. गंमत अशी की तो कायदा करणाऱ्या ब्रिटिश पार्लमेंटात स्वतःचा रिवाज याच्या उलट होता. तिथे अधिवेशन संपले की अपुरे विधेयक संपले. अपवाद होता तो रेल्वे, कालवे, गोद्या बांधणाऱ्या कंपन्यांच्या खासगी विधेयकांचा. कंपनीने फी भरलेली, वकील लावलेले, साक्षी झालेल्या. एवढ्या खर्चावर दरवर्षी पाणी कोण सोडणार? म्हणून सभागृह खास ठराव करून अशी विधेयके पुढच्या अधिवेशनात, थांबली होती त्याच टप्प्यावर, उचलू देई. पैसेवाल्याच्या कामासाठी काढलेली वाट वसाहतीत सर्वांसाठी नियम होऊन बसली.

१९१९ च्या सुधारणांनंतर केंद्रीय विधिमंडळासाठी जे नियम झाले, त्यांत अपुरी विधेयके आपोआप पुढच्या अधिवेशनाच्या यादीत जात. अट एवढीच, की विधेयक मांडणाऱ्याने सलग दोन अधिवेशने काहीच हालचाल केली नाही, तर ते रद्द. जगवायचे असेल तर सभागृहाची खास परवानगी हवी. मला हा जुना नियम आजच्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो. त्यात सदस्याच्या आळसाला किंमत मोजावी लागत होती.

त्याही आधी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक शाही कायदेमंडळात मांडले. ते सरकारचे नव्हते, त्यांचे स्वतःचे होते. वर्षभर ते प्रांतोप्रांती मते गोळा करत फिरले आणि १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. महारांच्या गळ्यात अडकलेली वतनी वेठ सैल करावी, हा त्याचा रोख. ते प्रवर समितीत गेले आणि तिथे इतके बदलले की १९२९ मध्ये बाबासाहेबांनी स्वतःच मागे घेतले. ज्या वतनांविरुद्ध ते विधेयक होते, ती रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा आला तो १९५८ चा, आणि तो सरकारी होता. अशासकीय विधेयकाचा खरा प्रवास बहुधा असाच असतो: मांडणाऱ्याच्या हातून निसटायचे आणि तीस वर्षांनी मंत्र्याच्या बस्त्यातून बाहेर यायचे.

दिल्लीत खासगी सदस्यांच्या वाट्याला आठवड्यातला शुक्रवार येतो, तोही शेवटचे अडीच तास. एखाद्या विधेयकावरची चर्चा त्या दिवशी संपली नाही, तर ती विधेयकांसाठी राखलेल्या पुढच्या शुक्रवारी जाते. अधिवेशन संपले, तर पुढच्या अधिवेशनात. तोवर निम्मे खासदार मतदारसंघाची गाडी पकडायला निघालेले असतात. घटनादुरुस्ती असेल, तर एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश लागतात. ते शुक्रवारी दुपारी कुठून आणायचे?

आणलेच पाहिजेत असे ज्याला वाटले, तो राजापूरचा समाजवादी खासदार नाथ पै. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेला नाही. दीडच महिन्यात, ७ एप्रिलला, नाथ पैंनी घटनादुरुस्तीचे आपले विधेयक लोकसभेत मांडले. संसद सार्वभौम असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. संयुक्त समितीने ते तपासले, १९६८ मध्ये तिचा अहवाल आला आणि पुढची दोन वर्षे विधेयक शुक्रवारामागून शुक्रवार पुढे सरकत राहिले. न्यायालयाची मर्यादा ओलांडू नये असे वाटणारे समाजवादी मित्रही होते, त्यामुळे वाद घरचाच होता. सरकारला विधेयकाचा आशय हवा होता, पण श्रेय विरोधी बाकावरच्या माणसाला द्यायचे नव्हते, असा माझा कयास आहे. अधिवेशन संपले तरी विधेयक जिवंत, ही घटनेची सवलत इथे सरकारच्या पथ्यावर पडली. नाकारायचेही नाही आणि मंजूरही करायचे नाही.

२७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा मुदतीआधीच विसर्जित झाली. त्या दिवशी दोन विधेयके एकाच वेळी संपली. एक नाथ पैंचे. दुसरे लोकपालाचे: १९६८ मध्ये सरकारने मांडलेले, ऑगस्ट १९६९ मध्ये लोकसभेने मंजूर केलेले आणि सोळा महिने राज्यसभेत पडून राहिलेले. लोकपाल हा शब्दसुद्धा एका खासगी सदस्याचा, १९६३ साली लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी सुचवलेला.

नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात वारले, विधेयकानंतर बावीस दिवसांनी. लोकसभा शाबूत असती तरी फरक पडला नसता. आजच्या नियमाप्रमाणे मांडणारा सदस्य सभागृहात उरला नाही, किंवा मंत्री झाला, तर त्याचे विधेयक नोंदवहीतून काढले जाते. अधिवेशने ओलांडणारे विधेयक माणसाचा मृत्यू मात्र ओलांडू शकत नाही. मंत्र्याचे विधेयक मंत्री बदलला तरी चालते. त्याच वर्षी जुलैमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसाव्या घटनादुरुस्तीचे विधेयक आणले, ऑगस्टमध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. नाथ पैंना जे हवे होते, ते साधारण त्याच स्वरूपात कायद्यात आले, आणि राजापूरच्या जागेवर निवडून आलेले मधु दंडवते ते पाहायला सभागृहात होते. दंडवते जन्माने नगरचे.

नगरकरांचा या गोष्टीतला वाटा तेवढाच नाही. मुंबई विधानसभेचे १९४६ ते १९५२ चे अध्यक्ष कुंदनमल फिरोदिया नगरचे. महाराष्ट्र विधानसभेचे १९६२ ते १९७२ चे अध्यक्ष बाळासाहेब भारदे शेवगावचे. भारदे अध्यक्ष असतानाच, म्हणजे दिल्लीतले लोकपाल विधेयक विसर्जनात गेल्यानंतरच्या वर्षी, महाराष्ट्राने स्वतःचा लोकायुक्त कायदा केला.

दिल्लीत मात्र लोकपाल १९७१, १९७७, १९८५, १९८९, १९९६, १९९८ आणि २००१ मध्ये पुन्हा पुन्हा मांडला गेला. १९८५ चे विधेयक सरकारने मागे घेतले, बाकीची विसर्जनात गेली. २०११ चे विधेयक सरकारचे असले तरी त्यामागे रेटा होता नागरिकांनी लिहिलेल्या मसुद्याचा, जन लोकपालाचा. खासदाराच्या सहीचीही गरज नसलेले हे सगळ्यांत खासगी विधेयक म्हणावे लागेल, आणि ते अधिवेशनातून अधिवेशनात नेण्याचे काम उपोषणाने केले. १७ डिसेंबर २०१३ ला राज्यसभेने सुधारित विधेयक मंजूर केले, १८ ला लोकसभेने त्या सुधारणा मान्य केल्या. अण्णांनी त्याच दिवशी राळेगणात उपोषण सोडले. कायदा १६ जानेवारी २०१४ ला अमलात आला. पंधरावी लोकसभा १८ मे रोजी विसर्जित झाली. पहिला लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडले, त्याच्या आदल्या महिन्यात राळेगणात आणखी एक उपोषण होऊन गेले होते.

राज्यातही तोच खेळ झाला. नवे लोकायुक्त विधेयक विधानसभेने २८ डिसेंबर २०२२ ला नागपुरात मंजूर केले आणि ते विधान परिषदेत अडकले. अधिवेशने बदलत गेली, विधेयक १९६ व्या अनुच्छेदाच्या आधाराने तग धरून राहिले. परिषदेने त्याला १५ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता दिली, तेव्हा विधानसभेची मुदत संपायला अकरा महिने उरले होते.