देवाशी भांडण, दलालांची टिंगल

चित्रपटांतल्या धार्मिक विनोदाकडे अभ्यासक वळतो तो बहुधा वादांच्या वाटेने. कुणाच्या भावना दुखावल्या, सेन्सॉरने काय कापलं, कोर्टात कोण गेलं. ती कागदपत्रं वाचायला हवीतच, पण लोक नेमके कशाला हसले हे त्यांत सापडत नाही. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्याला मी आधी जिजाईकडे पाठवतो.

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) गौरी यांनी उभी केलेली जिजाई घरात दाणा नाही म्हणून विठोबाचा उद्धार करते आणि पोर आजारी पडल्यावर पायताण घेऊन देवळात शिरते. कर्त्या पुरुषाने अंग काढून घेतलं की घरची बाई त्याला जशी फैलावर घेईल, तशी ती देवाला घेते. प्रेक्षक हसतात, आणि त्यांच्या श्रद्धेला ओरखडाही उठत नाही. त्याच चित्रपटात तुकोबांचे अभंग ढापून मिरवणारा सालोमालो आहे. त्याच्या वाट्याला येणारं हसू अजिबात मायेचं नाही. दामले-फत्तेलालांनी या दोन हसण्यांची कुठेही गल्लत होऊ दिलेली नाही. देवाशी आपुलकीचं भांडण आणि देवाच्या नावावर जगणाऱ्याची निर्दय टिंगल, या दोन्ही वाटा सिनेमाच्या कितीतरी आधीच्या. तमाशातल्या गवळणीत पेंद्या आणि मावशी कृष्णासमोर काय वाट्टेल ते बोलत आलेत. एकनाथांच्या भारुडांनी तर सोंगाढोंगाचे वाभाडे धर्माच्या अंगणातच काढले.

मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) याच दुसऱ्या वाटेवरचा. व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचा ध्यास घेणारा औदुंबर ही अत्र्यांच्या लेखणीची करामत. मात्र तिथे थट्टा व्रताची आहे, देवाचा फारसा संबंध नाही.

रेंगाळावं ते उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’पाशी (२०११). गाय शोधायला गेलेल्या भोळ्या केशाला उंबराखाली दत्त दिसतो आणि बघता बघता गावात इस्पितळाची योजना मागे पडून देऊळ उभं राहतं, दुकानं थाटली जातात. गिरीश कुलकर्णींच्या लेखनातली खोच अशी, की इथे खलनायक म्हणून एकावर बोट ठेवता येत नाही. भाऊंसारखा पुढारीही आधी देवळाच्या बाजूचा नसतो. सालोमालो आता गावभर वाटला गेला आहे. आणि ज्याला खरोखर दर्शन घडलं, तो केशाच या उत्सवात परका होतो. विनोद हळूहळू घशात अडकतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो विभागून.

देव सोडून भक्तांना हसणं ही काही आपलीच मक्तेदारी नव्हे. ‘लाइफ ऑफ ब्रायन’मध्येही (१९७९) येशू बाजूला राहतो आणि चेष्टा होते ती प्रेषित शोधत धावणाऱ्या गर्दीची. तरीही नॉर्वेत त्यावर बंदी आली. उलट हिंदी ‘ओह माय गॉड’ (२०१२) बाजाराला कोर्टात खेचतो आणि मग खुद्द कृष्णालाच नायकाच्या मदतीला धाडतो. मला ही पळवाट वाटते. ‘देऊळ’मधला देव असा मदतीला येत नाही.

हे चित्रपट शक्यतो चारचौघांत पाहावेत, आणि त्यांत एखादा नेमाने वारी करणारा असावा. जिजाईच्या प्रसंगी तो कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो, याची नोंद ठेवावी.