विकत घेतलेला खेळ कोणाच्या मालकीचा?

विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत ज्याचे केस पांढरे झाले त्याने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. संगणकावरील खेळांशी त्याचा संबंध काय? आमच्या मते संबंध निकटचा आहे, कारण प्रश्न मालकीचा आहे.

संगणकावर खेळणाऱ्यांत एक वर्ग असा आहे, की समोर एक प्रचंड दुकान थाटलेले असताना तो मुद्दाम वाट वाकडी करून दुसऱ्या लहान दुकानात जातो. मोठ्या दुकानात माल अधिक, सवलती अधिक आणि मित्रमंडळीही तेथेच जमलेली. तरी हा गिऱ्हाईक तिकडे पाठ फिरवतो; का, तर लहान दुकानातील मालाला कुलूप नसते. या कुलुपाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डीआरएम' म्हणतात. घेतलेली वस्तू कोणत्या यंत्रावर चालेल, किती वेळा चालेल आणि चालू करण्यापूर्वी कोणाची परवानगी लागेल, हे ठरवणारी ती यंत्रणा होय. या आवडीला पोरकट हट्ट म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला मात्र तिच्यामागे जुना आणि गंभीर इतिहास दिसतो.

आपल्या खामगावला रजतनगरी म्हणतात. येथील सराफाकडून कोणी चांदीचे ताट नेले, की सराफाचा आणि ताटाचा संबंध संपला. सराफाने दुकान बंद केले म्हणून ताट घरातून नाहीसे होत नाही. ते मुलाला देता येते, मोडता येते, अडचणीत गहाण टाकता येते. विक्री शब्दाचा अर्थ आपण पिढ्यान्‌पिढ्या असाच समजत आलो. पुस्तकांच्या बाबतीत हा अर्थ एकदा न्यायालयात तपासलाही गेला आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीच्या आत छापले, की एक डॉलरहून कमी किमतीस हे पुस्तक विकल्यास हक्कभंग समजू. मेसी नावाच्या दुकानाने ते खुशाल 89 सेंटांना विकले. 1908 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत एकदा विकल्यावर पुढे तिचे काय व्हावे हे ठरवण्याचा प्रकाशकाचा अधिकार संपला. जगभरची जुन्या पुस्तकांची दुकाने याच न्यायावर उभी आहेत.

खेळांच्या व्यापारातही आरंभी असेच होते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात गावोगावी संगणकाचे वर्ग निघाले, तेव्हा शिकवणी संपल्यावर मुले 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत. 1989 सालचा हा खेळ. त्याची पहिली पायरी ओलांडली की एक दालन लागे. तेथे औषधाचे पेले मांडलेले, प्रत्येकावर एक अक्षर. सोबतच्या पुस्तिकेतील अमुक पानावरच्या, अमुक ओळीच्या, अमुक शब्दाचे पहिले अक्षर कोणते, असा सवाल. चुकीचा पेला प्याला की राजपुत्राला इजा होई. ज्याने प्रत विकत घेतली त्याच्याजवळ पुस्तिका असे. नक्कल करून आणणाऱ्याजवळ नसे. कुलूप तेव्हाही होते, पण किल्ली गिऱ्हाइकाच्या घरात होती. पुढे चकत्या आल्या, आणि खेळताना मूळ चकती यंत्रात हवी असा दंडक आला. तोही त्रासाचाच, परंतु चकती आपल्या कपाटात असे.

किल्ली घराबाहेर गेली ती या शतकाच्या आरंभी. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने 2003 च्या सप्टेंबरात 'स्टीम' सुरू केले आणि पुढल्याच वर्षी 'हाफ-लाइफ 2' हा गाजलेला खेळ काढला. तो दुकानातून चकतीवर घेतला तरी स्टीममध्ये खाते उघडून नोंद केल्याशिवाय चालत नसे. लोक रागावले, मग रुळले. रुळले यात नवल नाही. चकती हरवण्याची भीती गेली, दुरुस्त्या आपोआप येऊ लागल्या, उत्सवी सवलती सुरू झाल्या; 2015 पासून आपल्याकडे रुपयांत किंमती दिसू लागल्या. स्टीमने लोकांचे भले केलेच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. इतकेच नव्हे, तर प्रत्येक खेळाला कुलूप लावावे अशी सक्तीही स्टीम करीत नाही. ते खेळ काढणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि काही खेळ तेथून घेऊनही स्टीमवाचून चालतात. पण करारपत्र वाचावे. त्यात गिऱ्हाइकाला मिळतो तो परवाना. खाते विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. चांदीचे ताट मुलाला देता येते, हजार खेळांचे खाते देता येत नाही.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे कंपनीच्या वसाहतीतील खोली येते. खोली चांगली असे, भाडे थोडे असे, नळ दारात असे. कामगार तिला 'माझी खोली' म्हणे, भिंतींना रंग देई, दारात तुळस लावी. आणि नोकरी गेली की महिन्याभरात बिऱ्हाड रस्त्यावर. खोली वाईट नव्हती; ती त्याची नव्हती, एवढेच. वरचेवर पगार घेणाऱ्यास ही गोष्ट कळते, पण फार उशिरा कळते.

खेळणाऱ्यांनाही ती एकेका धक्क्याने कळत गेली. 2008 साली 'स्पोअर' हा खेळ निघाला. पूर्ण किंमत मोजणाऱ्यालाही तो तीनच वेळा नव्याने बसवून घेण्याची मुभा होती. संतापलेल्या गिऱ्हाइकांनी विक्रीच्या ठिकाणी निषेधाच्या अभिप्रायांचा पाऊस पाडला. मग तीनाचे पाच झाले. कामगार चळवळीत आम्ही असेच शिकलो, की एकट्याचा अर्ज टोपलीत जातो, हजारांचा टेबलावर राहतो. 2009 च्या जुलैत अमेझॉनने विकलेली ऑर्वेलची '1984' ही कादंबरी लोकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्या प्रकाशकाला हक्क नव्हता हे कारण खरे, पैसेही परत केले, मालकाने जाहीर माफीही मागितली. तथापि घरात ठेवलेले पुस्तक दुकानदार रात्रीतून काढून नेऊ शकतो हे सर्वांनी पाहिले. त्यासाठी नेमकी तीच कादंबरी सापडावी, ही योगायोगाची कमाल! 2010 साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या नव्या खेळांना कंपनीच्या सर्व्हरशी अखंड जोडलेले राहण्याची अट घातली. मार्चमध्ये तो सर्व्हरच कोलमडला, आणि पैसे भरलेले लोक हात चोळीत बसले. कुलूप फोडलेली चोरटी प्रत वापरणाऱ्याला असल्या अटींचा जाच कधीच नसतो. प्रामाणिक गिऱ्हाइकाला शिक्षा आणि चोराला मोकळीक, हा या कुलुपांचा मोठाच विनोद आहे.

मोकळ्या दुकानाची कल्पना निघाली पोलंडमध्ये, आणि ते का, हे पाहण्यासारखे आहे. कम्युनिस्ट राजवट 1989 साली गेली. संगणकी मालाच्या चोरट्या नकला वॉर्साच्या बाजारात उघड्यावर मांडलेल्या असत. अशा मुलखात मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी 1994 साली सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढून रीतसर माल विकायचे ठरवले. शेजारी नक्कल पडेल किमतीत मिळत असताना अस्सल कोण घेणार? 1999 साली 'बाल्डर्स गेट' आणताना त्यांनी उत्तर शोधले: चोराशी झगडायचे ते कुलुपाने नव्हे, मालाच्या गुणाने. त्यांनी नामवंत पोलिश नटांच्या आवाजात सारा खेळ स्वभाषेत आणला, पेटीत नकाशा आणि इतर वस्तू घातल्या. चोरट्याला एवढा खटाटोप परवडेना, आणि खेळ खपला. बाजारात बसून शिकलेले हे अर्थशास्त्र आम्हाला विद्यापीठातल्यापेक्षा अधिक पटते.

याच मंडळींनी 2008 साली 'गुड ओल्ड गेम्स', म्हणजे आजचे 'गॉग', सुरू केले. जुने विस्मरणात गेलेले खेळ नव्या यंत्रांवर चालतील असे दुरुस्त करावयाचे, सहा किंवा दहा डॉलरच्या आत विकावयाचे, आणि कुलूप मुळीच लावावयाचे नाही. पैसे भरले की संपूर्ण खेळ आपल्या यंत्रात उतरवून घ्या. मग जाळे तुटो, दुकान जळो, तो चालेल. 2012 पासून तेथे नवे खेळही आले. 'कुलूप नसेल तर सारे फुकट वाटतील, धंदा बुडेल', हा नेहमीचा आक्षेप. त्याच कंपनीचा 'विचर 3' 2015 च्या मे महिन्यात पहिल्या दिवसापासून गॉगवर विनाकुलूप मिळत होता. सर्व यंत्रे आणि सर्व दुकाने धरून पुढे त्याच्या पाच कोटींवर प्रती खपल्या. धंदा बुडाला नाही.

परंतु या दुकानालाही देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. 2010 च्या सप्टेंबरात त्यांनी जाहिरातीच्या हौसेपोटी 'दुकान बंद झाले' अशी खोटीच पाटी लावली. गिऱ्हाइकांचा जीव खालीवर झाला, आणि चारेक दिवसांनी नवे दालन उघडले. थट्टा आम्हाला आवडली नाही. पण ज्यांनी खेळ आधीच उतरवून ठेवले होते ते निर्धास्त होते, आणि ज्यांनी 'सावकाश उतरवू' म्हणून ठेवले ते हबकले, एवढे त्या चार दिवसांनी दाखवले. 2021 साली तेथे 'हिटमॅन' विक्रीस आला. त्याचा बराचसा भाग जाळ्याशी जोडल्याशिवाय खुला होत नव्हता. गिऱ्हाइकांनी गिल्ला केला, आणि पुढल्याच महिन्यात तो खेळ दुकानातून काढावा लागला. कायद्याच्या भाषेत गॉगवरही मिळतो तो परवानाच. फरक ताब्याचा आहे. कायद्याने परवाना असला तरी वस्तू ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून ती काढून घेणे अवघड. घरात राहणाऱ्या कुळाचा हा अनुभव आपल्या वऱ्हाडात कोणाला सांगावयास नको.

जाळे नेहमी असतेच, असे समजणाऱ्यांना आम्ही जवळचीच उदाहरणे देतो. 2021 च्या नोव्हेंबरात अमरावतीत आणि 2023 च्या मे महिन्यात अकोल्यात दंगलीनंतर सरकारने इंटरनेट बंद केले. त्या दिवसांत बँक, व्यापार, अभ्यास खोळंबले; त्यांपुढे खेळाचे दुःख ते काय! पण घरात कोंडलेल्या पोरांपैकी ज्याच्या खेळाला दूरच्या सर्व्हरची परवानगी लागत होती त्याचा खेळ उघडला नाही, आणि ज्याचा खेळ मोकळा होता तो खेळत राहिला.

मोठा धक्का बसला 2024 साली. युबिसॉफ्टने 2014 मध्ये विकलेला 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद करून संपवला. एकट्याने खेळता येण्यासारखा भागही त्यासोबत गेला. त्यावरून रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी केली. विकलेला खेळ कंपनीने बंद करताना तो चालण्याजोग्या स्थितीत सोडावा, एवढीच मागणी. युरोपीय संघाकडे केलेल्या अर्जाने 2025 साली दहा लाख सह्यांचा उंबरठा ओलांडला. त्याआधी कॅलिफोर्नियाने कायदा केला: देत असाल केवळ परवाना, तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून 'विकत घ्या' असे लिहू नका. तो 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. कायमचा उतरवून घेता येणारा माल त्यातून वगळला आहे, हे लक्षात घेण्याजोगे. स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना घातली. गॉगने लगेच जाहिरात केली, की आमच्याकडून नेलेले कोणी परत घेऊ शकत नाही.

आपल्या कापूस पिकवणाऱ्या मुलखाला हे सारे परके वाटू नये. देशी कपाशीची सरकी शेतकरी पुढल्या वर्षासाठी राखून ठेवी. संकरित बियाणे आले आणि 2002 साली बीटी संकरांना मंजुरी मिळाली. संकरिताची सरकी पेरली तर तसेच पीक येत नाही, म्हणून दरसाल पाकीट घ्यावे लागते. उत्पन्न वाढले हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी राखण्याचा, पेरण्याचा, वाटून घेण्याचा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या कायद्यात लिहून ठेवणे संसदेला आवश्यक वाटले. बियाण्याच्या जातीतच कुलूप असेल तर हा हक्क कागदावर राहतो, ही गोष्ट वेगळी.

खेळांबाबत आपला कायदा थोडा उदार आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली कलम 65 अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतूवर भर आहे, ही त्यातील चांगली बाजू. अमेरिकेत कुलूप फोडणे हेच बहुधा बेकायदा. शिवाय रीतसर घेतलेल्या संगणकी कार्यक्रमाची, नाशापासून बचावापुरती, जादा प्रत करून ठेवण्याची मुभा आपल्या कायद्यात आहे. पण कुलूप लावलेल्या खेळाची प्रत केली तरी ती परवानगी मागतच राहणार.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 2020 साली 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर उभारलेला खेळ काढला. तो स्टीमवरही मिळतो आणि गॉगवरही. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात घडलेली एकच वस्तू दोन्ही दुकानांच्या फळीवर आहे, आणि कोणत्या फळीवरून उचलावी हे गिऱ्हाइकाने ठरवावयाचे आहे. 2025 च्या डिसेंबरअखेर गॉग हे दुकान सीडी प्रोजेक्टकडून त्याच किचिन्स्की यांनी स्वतः विकत घेतल्याचे जाहीर झाले. मालक बदलला; उतरवून ठेवलेल्या खेळांत काही बदलले नाही.

मोकळ्या मालाचे ओझे मात्र घेणाऱ्यावर येते, हे सांगितले पाहिजे. हल्लीचा एकेक खेळ पन्नास-शंभर गीगाबाइटांचा. तो साठवण्याची डिस्क घ्यावी लागते, आणि डिस्क कधी ना कधी बिघडते. सरकी राखणारी बाई ती राखेत घोळून ठेवी आणि थोडी शेजारणीकडेही देऊन ठेवी. खेळ राखणारे दोन डिस्कांवर दोन प्रती ठेवतात, एक घरात आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे.