अपहमच्या नोटांचा समास

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ साली, फिलाडेल्फियातील सॅम्युएल अपहम या दुकानदाराने दक्षिणी राज्यसंघाच्या नोटांच्या प्रतिकृती ‘स्मरणवस्तू’ म्हणून विकल्या. समासात ‘प्रतिकृती’ हा शब्द व स्वतःचे नाव तो छापी. समास कातरला, की तीच प्रतिकृती बनावट नोट म्हणून दक्षिणेत खपे. विक्रेत्याचा हेतू निर्मळ होता, असे म्हणवत नाही. म्हणून समासाचा अभाव हा अस्सलपणाचा पुरावा मानू नये. निर्णायक ठरतात त्या सह्या. राज्यसंघाच्या एक डॉलर व त्यावरील अस्सल नोटांवर कारकुनांनी (त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या) शाईने हस्ताक्षर केलेले असे. छापील सही आढळताच नोट बाद समजावी. सही हस्तलिखित असली, तरी थियन याच्या १८८० च्या नोंदवहीत त्या क्रमांकापुढे कोणाच्या सह्या नोंदल्या आहेत, हे अभ्यासकाने ताडून पाहावे.