गोल्फ न खेळणाऱ्यांचा कंट्री क्लब

गोल्फ न खेळणाऱ्याने कंट्री क्लबचे सभासद व्हावे काय? आम्हांला या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. अमेरिकेत बॉस्टनजवळ ब्रुकलाइन येथे १८८२ साली ‘द कंट्री क्लब’ स्थापन झाला, तेव्हा तेथे गोल्फ खेळला जात नसे. सधन शहरवासी घोडेस्वारी, शर्यती व भोजनासाठी तेथे जमत. गोल्फची पहिली सहा होल १८९३ साली आखली गेली. क्लबचा मूळ गाभा खेळ नव्हे, सहवास होता. पुढे गोल्फने क्लब व्यापले. मग न खेळणाऱ्यांसाठी अनेक क्लबांनी पोहणे, टेनिस व भोजनगृहापुरते ‘सोशल’ सभासदत्व कमी वर्गणीत देऊ केले.

परंतु या सहवासालाही कुंपण होते. कित्येक क्लबांची दारे कृष्णवर्णीयांना व यहुद्यांना दशकानुदशके बंद होती. १९९० साली अलाबामातील शोल क्रीक क्लबविरुद्ध याच कारणास्तव टीकेचे मोहोळ उठले, तेव्हा कोठे एका कृष्णवर्णीय गृहस्थास तेथे मानद सभासदत्व मिळाले.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आपण दोन प्रश्न विचारावेत. तेथे आपले कुटुंब खरोखर किती वेळा जाईल? आणि तेथील पंगतीत कोणाला बसू दिले जात नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनाला बोचणारे असेल, तर अल्प वर्गणीही महागच ठरेल.