ऐंशी बाय पंचवीसमध्ये मराठी

गेल्या शनिवारी रत्नागिरीला घरी होतो. बाहेर धो धो पाऊस, लाईट दोनदा जाऊन आलेली, आणि मी एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन चढवत बसलो होतो. ग्राफिक्स वगैरे काही नको होतं. घरातले स्कॅन केलेले कागद, सातबारे, आंब्याचे हिशेब एका जागी राहावेत एवढंच. काम झालं, काळ्या स्क्रीनवर लॉगिन आलं. बाबा चष्मा सावरत मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय मुंग्या सोडल्यासारखं? वाचायचं कसं?"

मी फायलींची यादी काढून दाखवली. इंग्रजी नावं मुंग्यांसारखी का होईना, दिसत होती. मराठी नावांच्या जागी मात्र नुसते एकसारखे ठोकळे.

"आमच्या ऑफिसात ब्याण्णव-त्र्याण्णव साली असल्याच काळ्या स्क्रीनवर मराठी दिसायचं. चांगलं ठसठशीत. तीस वर्षांनी तुझ्या मशीनवर का दिसत नाही?"

मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय, त्यानंतर रोज ह्याच काळ्या खिडकीत पोट भरतोय, पण ह्या प्रश्नाला चटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी मुंग्यांचं बघू, ते सोपं आहे. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ बरोबर व्हीजीए आणलं. त्याच्या टेक्स्ट मोडमध्ये ७२० बाय ४०० पिक्सेल, त्यात ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे प्रत्येक अक्षराला ९ बाय १६ पिक्सेलचं एक घर. (हे ८० आलं आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डावरून. पुठ्ठ्याला पाडलेली भोकं आपण अजून मोजतोय!) त्या काळच्या चौदा इंची मॉनिटरवर ते घर सातेक मिलिमीटर उंच पडायचं. आमच्या लॅपटॉपची स्क्रीनही चौदा इंचीच, पण १९२० बाय १०८०. लिनक्सने त्यावर तेच १६ पिक्सेलचं अक्षर टाकलं. झाल्या २४० अक्षरांच्या ६७ ओळी, आणि घराची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास. अक्षर तेच राहिलं, पिक्सेल आक्रसला.

पूर्वी ह्यावर उपाय म्हणजे रिझोल्युशन कमी करणं. काचेच्या मॉनिटरला काय, सांगाल ते रिझोल्युशन चालायचं. बूट होताना व्हीजीए=७९१ असा मंत्र टाकला की १०२४ बाय ७६८ मिळे, म्हणजे १२८ अक्षरांच्या ४८ ओळी. कॉलेजमधल्या सीनियर मंडळींना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असत. एलसीडीला मात्र स्वतःचं एकच खरं रिझोल्युशन असतं, दुसरं दिलं की अक्षरं पुसट होतात. शिवाय २००९ मध्ये, कर्नल २.६.२९ पासून, स्क्रीनचा मोड लावायचं काम कर्नल स्वतःच करू लागला आणि तो सहसा स्क्रीनचं मूळ रिझोल्युशनच धरतो. तेव्हा आता शहाणपणाचा मार्ग एकच, रिझोल्युशनला हात न लावता फॉन्ट मोठा करायचा. डेबियनमध्ये कन्सोल-सेटअपचं पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करायचं, टर्मिनस फॉन्ट निवडायचा, आकार १६ बाय ३२. १२० अक्षरं, ३३ ओळी. (हाच फॉन्ट ह्याच आकारात २०१९ च्या ५.० कर्नलपासून कर्नलमध्येही आहे. घनदाट पिक्सेलच्या स्क्रीन आल्यावर बाकीच्यांच्या बाबांनीही तक्रार केली असणार.) पाच मिनिटांचं काम. बाबा म्हणाले, "हां, आता कसं!"

ठोकळे मात्र तसेच. फक्त दुप्पट मोठे.

इथे खरी गोम आहे. कन्सोलच्या फॉन्टमध्ये चित्रं मोजकीच मावतात. व्हीजीएमध्ये मुळात २५६. फार तर ५१२ करता येतात, पण मग उजळ रंगांवर पाणी सोडावं लागतं, कारण रंगाचा एक बिट अक्षर निवडण्यात खर्च होतो. इंग्रजीला २५६ म्हणजे चैन आहे. उरलेल्या जागेत आयबीएमने चौकटी काढायच्या रेघाही बसवल्या. त्या रेघांची काळजी किती घेतली बघा: अक्षराचं चित्र ८ पिक्सेल रुंद आणि घर ९ पिक्सेलचं, नववा रकाना रिकामा, म्हणजे दोन अक्षरं चिकटत नाहीत. पण रेघ तुटू नये म्हणून ठराविक ३२ चिन्हांपुरता आठवा रकाना नवव्यात पुन्हा उमटवायची सोय थेट हार्डवेअरमध्ये. आता ह्या घरांमध्ये देवनागरी ठेवून बघा. दर आठ पिक्सेलला शिरोरेखा तुटणार! चौकटीची रेघ जोडायचं अमेरिकेत सुचलं, शिरोरेखा जोडायचं सुचायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

खणात किती चिन्हं मावतात हे भांडण आमच्या गावाला नवं नाही म्हणा. टिळक जन्मले रत्नागिरीतच, १८५६ साली. 'केसरी'च्या छापखान्यात देवनागरीला शेकड्यांनी खिळे लागत, म्हणून १९०४ पासून त्यांनी ते कमी करण्याचं काम हाती घेतलं. ते त्यांच्या पश्चातही चाललं आणि १९२६ पर्यंत १९० खिळ्यांचा संच झाला, त्यालाच टिळक टाइप म्हणतात. पुढे सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. अ ची बाराखडी त्यातलीच: इ, ई, उ ऐवजी अि, अी, अु. स्वरांचे वेगळे खिळेच नकोत. 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक ज्यांनी चाळलेत त्यांना ही अक्षरं ओळखीची असतील. त्यांच्या राजकारणाविषयी इथे बोलायचं नाही, पण इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर हे सरळसरळ ग्लिफ कमी करणं आहे. दोघांचाही रोख एकच: यंत्र बदलत नाही ना, मग लिपीला थोडं आवरतं घेऊ.

बाबांच्या ऑफिसातल्या मशीनने नेमकं उलटं केलं होतं. आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्याकडे देवनागरी टर्मिनलचं काम चालू होतं. १९८३ च्या दिल्लीतल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात ते दाखवलंही गेलं. त्यातले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले (सी-डॅकची स्थापना १९८८ ची) आणि तिथून पीसीसाठी जिस्ट कार्ड निघालं. कॉम्प्युटरच्या पोटात खोचायचं एक कार्ड. डीबेस किंवा लोटस बिचारं आपल्या समजुतीने ऐंशी बाय पंचवीसच्या स्क्रीनवर नेहमीसारखी अक्षरं ठेवतंय. ती उचलून त्यांची जोडाक्षरं जुळवायची, वेलांटी योग्य बाजूला न्यायची आणि स्क्रीनवर मराठी काढायचं, हे सगळं कार्डाने करायचं. प्रोग्रॅमला पत्ताच नाही! लिपीतला एक कानाही कमी करावा लागला नाही.

त्यासाठी जो कोड ठरला तो आयएससीआयआय, १९९१ चं भारतीय मानक १३१९४. त्यात मूळ अक्षरं तेवढी साठवायची, जोडाक्षराचं रूप दाखवणाऱ्याने ठरवायचं. युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती ह्याच घराण्यातून, १९८८ च्या आवृत्तीवरून.

अडचणी होत्याच. 'रत्नागिरी'त डोळ्यांना अक्षरं दिसतात चार, साठवणीत कोड नऊ: र, त, हलन्त, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी. डीबेसमध्ये नावाला वीस अक्षरांची जागा ठेवली की नाव पुरं व्हायच्या आतच ती संपायची. बाबांना हे अजून आठवतं. "आडनाव अर्धं राहायचं. मग आम्ही आद्याक्षरं टाकायचो." (रोमनमध्येही रत्नागिरी नऊच अक्षरांची आहे. पण हे मी तेव्हा बोललो नाही.)

मग विंडोज आलं, अक्षरं काढायचं काम सॉफ्टवेअरकडे गेलं आणि कार्डाची गरज संपली. ग्राफिक्समध्ये मराठीचं भलं झालं. काळ्या स्क्रीनकडे मात्र परत कोणी वळून बघितलं नाही. लिनक्सचं कन्सोल अजून एक कोड, एक घर ह्याच हिशेबाने चालतं. ५१२ चित्रांत कसंबसं देवनागरी बसवलं तरी 'गि'ची वेलांटी ग च्या उजवीकडे पडेल, कारण जोडाक्षर जुळवणारं आणि वेलांटी फिरवणारं कोणी मध्ये नाहीच. डेबियनने तर हे कबूलच करून टाकलंय. २००७ च्या एच आवृत्तीत त्यांनी चित्रमय इन्स्टॉलर आणला, त्यामागे अशा लिप्या हे एक कारण होतं. मराठी निवडायची तर त्यातच, साध्या टेक्स्ट इन्स्टॉलरच्या यादीत ती नाही. मी स्वतः त्या यादीवरून कितीदा गेलोय. मराठी नाही हे कधी लक्षातही आलं नव्हतं, आणि ह्याचं मला जरा वाईटच वाटलं.

हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते कार्ड ह्यात बसेल का?"

नाही बसणार. कार्डाची खाचच उरलेली नाही.

शेवटी दोन पर्याय होते, ग्राफिक्स चढवायचं किंवा फायलींची नावं रोमनमध्ये करायची. दोन जीबी मेमरीच्या मशीनवर मी दुसरा निवडला आणि रविवारी सकाळी नावं बदलत बसलो. बाबा शेजारी चहा घेत वाचत होते. अक्षरं मोठी होती, वाचायला त्रास नव्हता. आंब्याच्या हिशेबापाशी आल्यावर थांबले. "हे आंबा आहे की अंबा?" दोन्हींचं स्पेलिंग एकच होतं. मी तेवढी एक फाइल पुन्हा मराठीत केली. यादीत ती आता ठोकळ्यांची एकटीच ओळ आहे, त्यामुळे बाबांना लगेच सापडते.