‘फ्राम’चे नवे इंजिन

जुनी स्कूटर दुरुस्त करत राहावी की नवी घ्यावी, हा प्रश्न घराघरांत पडतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनपुढे तो एका शिडाच्या जहाजाबाबत उभा राहिला. इथे निवड चुकली असती, तर माणसे बर्फातून परतण्याची खात्री नव्हती.

जहाजाचे नाव ‘फ्राम’, म्हणजे ‘पुढे’. नान्सेनच्या ध्रुवमोहिमेसाठी कॉलिन आर्चर यांनी ते बांधले आणि १८९२ मध्ये ते पाण्यात उतरले. मुख्य भिस्त शिडांवर. वारा पडला किंवा बर्फातून वाट काढायची झाली, की मदतीला २२० अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन. हे इंजिन मोठे सोशिक. एखादा सिलिंडर बिघडला, तरी उरलेल्यांवर काम भागावे अशी त्याची रचना होती. १८९३ मध्ये जहाज बर्फात अडकल्यावर ते सुटे करून, तेल लावून ठेवले गेले. १८९६ मध्ये पुन्हा जोडले, तर चालू झाले! हातोडी, कानस आणि जाणता मिस्त्री असला, की झाले.

मग ते बदलायचे कशाला? खोट इंजिनात नव्हती, कोळशात होती. बॉयलर आणि कोळसा यांनीच जहाजाचे पोट भरून जाई. वाफ तयार व्हायला वेळ लागे, आणि इंजिन हाताशी हवे असेल तर ते बंद असतानाही भट्टी पेटती ठेवावी लागे. भट्टीवर माणसे हवीत, त्या माणसांना अन्न हवे. अमुंडसेनचा जाहीर बेत तर उत्तरेच्या बर्फात कित्येक वर्षे काढण्याचा होता. दुरुस्ती कितीही चोख केली, तरी यातले काहीच सुटणार नव्हते.

१९०९ मध्ये नॉर्वेच्या संसदेने डागडुजीसाठी ७५,००० क्रोनर मंजूर केले. होर्टेनच्या नौदल गोदीत जहाजाचे काम निघाले. जुने इंजिन जाऊन १८० अश्वशक्तीचे स्वीडिश डिझेल इंजिन बसले. शक्ती घटली, पण हवे तेव्हा सुरू, नको तेव्हा बंद. माझ्या मते मोहिमेच्या तयारीतले हे सर्वांत मोठे धाडस होते. सागरी प्रवासाचे नावाजलेले डिझेल जहाज ‘सेलांडिया’ निघाले १९१२ मध्ये; ध्रुवप्रदेशात तर डिझेल कोणी नेलेच नव्हते. त्यात ही नाजूक यंत्रणा, कानस घेऊन वाटेत घडवता येण्याजोगी नव्हे. म्हणून इंजिनाच्या कारखान्यातला जाणकार क्नुट सुंडबेक यालाही जहाजावर घेतले. यंत्राबरोबर माणूस घेण्याची ही अक्कल अनेकांना यंत्र बंद पडल्यावर सुचते.

अमुंडसेन १९१० मध्ये निघाला आणि वाटेत त्याने दक्षिण ध्रुव गाठण्याचा बेत उघड केला. त्याच वर्षी ब्रिटिश स्कॉट कोळशावरचे ‘टेरा नोव्हा’ घेऊन तिकडेच निघाला होता. डिसेंबरच्या वादळात त्याच्या जहाजात पाणी शिरले, कोळशाची भुकटी आणि तेल यांच्या चिखलाने पंप तुंबले. बादल्यांनी पाणी उपसावे लागले.

‘फ्राम’ १४ जानेवारी १९११ रोजी दक्षिणेच्या बर्फाला लागले. अमुंडसेनसह नऊजण तिथे उतरले. एवढे जहाज ब्युनॉस आयर्सला परत न्यायला उरले दहाजण. त्यांत भट्टीत कोळसा टाकणारा एकही नव्हता.