तोफा आणि दात

बोफोर्स म्हटलं की आपल्या पिढीला दोनच गोष्टी आठवतात. १९८७ साली स्वीडिश रेडिओनं फोडलेली दलालीची बातमी आणि १९९९ साली कारगिलच्या डोंगरात धडाडलेल्या तोफा. पण याच बोफोर्सचा आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोळक्या तोंडाशीही संबंध आहे. चेष्टा नाही. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर जे कायमचे, न निघणारे दात लावतात ना, ते बाजारात आणणाऱ्या एका कंपनीच्या मागे बोफोर्सच होती.

हा विषय आजच काढायचं कारण म्हणजे आपल्याकडच्या पाट्या. एसटी स्टँडच्या भिंतीपासून रिक्षाच्या पाठीपर्यंत 'चार स्क्रूवर पूर्ण बत्तीशी', 'तीन दिवसांत फिक्स दात' असं लिहिलेलं दिसतं. पत्रकार दिसला की लोक विचारतात, "भाऊ, हे खरं असतं का हो? का नुसतं लुटायचं काम?" खरं असतं. पण त्याला एक इतिहास आहे, आणि तो कळला तर खरा प्रश्न वेगळाच आहे हे लक्षात येतं. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षापासून करू. जॉर्ज वॉशिंग्टननं १७८९ साली शपथ घेतली तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याची कवळी लाकडी होती असं सांगतात, ते खोटं. पाणघोड्याचं हस्तिदंत, शिसं, जनावरांचे दात आणि माणसांचेही दात, असं सगळं मिळून त्याच्या कवळ्या बनल्या होत्या. माणसांचे दात कुठून यायचे? त्याच्याच हिशेबाच्या वहीत १७८४ साली कृष्णवर्णीय गुलामांना नऊ दातांपोटी १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. पुढे १८१५ ला वॉटर्लूची लढाई झाली, तेव्हा मेलेल्या सैनिकांचे दात उपटून लंडनच्या बाजारात विकले गेले. 'वॉटर्लू टीथ' हे नावच पडलं त्याला. म्हणजे श्रीमंताच्या तोंडात दात यायचे ते गरिबाच्या नाहीतर मेलेल्याच्या तोंडातून.

कवळी स्वस्त झाली ती रबरामुळे. चार्ल्स गुडइयरनं रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची युक्ती शोधली. त्यातूनच पुढे 'व्हल्कनाइट' नावाचं कडक रबर आलं. त्याचा हिरडीच्या मापाचा पाया करायचा आणि त्यात चिनी मातीचे दात बसवायचे. सोन्याच्या पायाची गरजच संपली. आता सामान्य माणसाला कवळी परवडेल असं वाटत होतं, तर मध्ये पेटंट आलं. गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे मागायची, न देणाऱ्याला कोर्टात खेचायची. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन स्वतः गावोगाव फिरून खटले लावायचा. शेवटी १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्यानं त्याला गोळी घालून मारलं. १८८१ ला पेटंटची मुदत संपली आणि परवान्याची कटकट मिटली. दातांच्या इतिहासात खूनसुद्धा आहे, आणि तोही पेटंटवरून!

पण कवळी कितीही स्वस्त झाली तरी ती कवळीच. दात गेला की त्याखालचं हाड झिजायला लागतं. दात चावताना हाडावर दाब देतो म्हणून हाड टिकतं. दाब गेला की शरीर ते हाड हळूहळू काढून घेतं. पहिल्या वर्षी जास्त, मग कमी, पण ते थांबत नाही. त्यामुळे आज घट्ट बसलेली कवळी चार-पाच वर्षांनी हलायला लागते. खालची तर जास्तच, कारण तिला टाळूचा आधार नाही आणि जीभ सारखी ढकलते. म्हणून आपल्याकडची म्हातारी माणसं लग्नाला जाताना कवळी लावतात आणि जेवताना काढून खिशात ठेवतात.

मग दात हाडातच का बसवू नयेत? हा विचार जुना आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत व्हायटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू जबड्यात बसवून पाहिले. वेगवेगळ्या आकारांचे, वेगवेगळ्या धातूंचे प्रयोग झाले. काही टिकले, बरेच सैल झाले. शरीर परक्या वस्तूभोवती मऊ पेशींचं आवरण तयार करतं, ते हललं की खेळ खलास.

इथे स्वीडन येतं. १९५२ साल, लुंड विद्यापीठ. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचा संशोधक सशाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते बघत होता. हा माणूस दंतवैद्य नव्हता, हे लक्षात घ्या. त्यानं टायटॅनियमची एक बारीक नळीसारखी खिडकी सशाच्या पायाच्या हाडात बसवली आणि सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण केलं. प्रयोग संपल्यावर ती काढून दुसऱ्या सशाला लावायची होती, कारण ती महाग होती. पण निघेना. हाड धातूला असं घट्ट धरून बसलं होतं की दोघं एकच झाले होते. दुसरा कुणी असता तर वैतागून गप्प बसला असता. ब्रोनेमार्कनं रक्ताभिसरणापेक्षा याच गोष्टीमागे आयुष्य लावलं.

टायटॅनियम म्हणजे काही चंद्रावरून आणलेला धातू नाही, बरं का. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, त्यातल्या इल्मेनाइट या खनिजात तोच असतो. खरी किंमत असते तो शुद्ध करण्याची, अचूक कापण्याची आणि बसवणाऱ्या हाताची.

१९६५ साली गोथेनबर्गमध्ये ब्रोनेमार्कनं पहिल्या माणसाच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. योस्टा लार्सन त्याचं नाव. जन्मतःच जबड्यात व्यंग आणि खालच्या जबड्यात एकही दात नाही. धड खाता येत नव्हतं, बोलणं अवघड. लार्सन २००६ साली वारला, तोपर्यंत ते स्क्रू त्याच्या जबड्यात काम देत होते. चाळीस वर्षं!

तरी स्वीडनमधले दंतवैद्यकाचे प्राध्यापक वर्षानुवर्षं त्याला मानायला तयार नव्हते. 'दंतवैद्य नसलेला माणूस आम्हाला शिकवणार?' हा सूर होता. पण ब्रोनेमार्कच्या गटानं प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. १९८१ साली त्यांनी पंधरा वर्षांचा हिशेब मांडला. ३७१ रुग्ण, ४१० बिनदातांचे जबडे, २७६८ स्क्रू. खालच्या जबड्यातले ९१ टक्के आणि वरच्या जबड्यातले ८१ टक्के स्क्रू घट्ट राहिले होते. फसलेले स्क्रूही मोजले होते, म्हणून लोकांचा विश्वास बसला. १९८२ साली कॅनडात टोरोंटोला परिषद झाली आणि जगानं ही पद्धत मान्य केली.

याच काळात बोफोर्स आली. १९७८ साली ब्रोनेमार्कनं या शस्त्रांच्या कंपनीशी करार केला. धातू अचूक कापणं हे तिच्या रोजच्या कामातलंच. १९८१ मध्ये त्यातून नोबेलफार्मा ही वेगळी कंपनी निघाली, तीच पुढे नोबेल बायोकेअर झाली. तोफा विकणारं घराणं दात विकू लागलं.

आणखी एक टप्पा पोर्तुगालचा. सुरुवातीला एका जबड्यात पाच-सहा स्क्रू लागत. मागच्या बाजूला हाड झिजलेलं असेल तर दुसरीकडचं हाड आणून भरावं लागे. लिस्बनच्या पाउलो मालो या दंतवैद्यानं पुढचे दोन स्क्रू सरळ आणि मागचे दोन तिरपे बसवायची पद्धत रूढ केली. २००३ साली त्याच्या गटानं निष्कर्ष छापले. पाटीवरचे 'चार स्क्रूवर पूर्ण बत्तीशी' ते हेच.

आता पाट्यांबद्दल सरळ सांगतो. तीन दिवसांत मिळतात ते बहुतेक वेळा तात्पुरते दात. हाड स्क्रूला धरायला काही महिने घेतंच, ते कुणाच्या जाहिरातीसाठी घाई करत नाही. पक्के दात त्यानंतर. साखर आटोक्यात नसेल, तंबाखू-विडी चालू असेल तर स्क्रू फसण्याचा धोका वाढतो. या दातांना कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी पिकून हाड जाऊ शकतं, म्हणून रोजची साफसफाई आणि वेळोवेळी तपासणी सुटत नाही. आणि वाचवण्यासारखे दात असतील तर पूर्ण सेट बसवायच्या नादात ते उपटून घेऊ नका, आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. कोणत्या कंपनीचे स्क्रू घातले ते लेखी मागा.

खर्च? एका जबड्याला लाखांत जातो. आपल्या भागात त्यासाठी म्हैस विकणारे, सोसायटीचं कर्ज काढणारे लोक आहेत. जे काढू शकत नाहीत ते भाकरी दुधात कुस्करून खातात. पेरू, ऊस, शेंगदाणे, हुरडा हे सगळं त्यांच्यासाठी संपलेलं असतं. चार माणसांत तोंडावर हात धरून बोलतात, हळूहळू बोलणंच कमी करतात. आपण म्हणतो, वय झालं. वय झालं म्हणून नाही हो, दात नाहीत म्हणून!

आता दातांसाठी राजीनामा देणाऱ्या मंत्र्याची गोष्ट. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तिचा शिल्पकार अनायरिन बेव्हन, खाणकामगाराचा पोरगा. सगळ्यांना कवळी फुकट. इतकी गर्दी झाली की सरकारचे अंदाज कोलमडले. तितकी माणसं आधी बिनदातांची, निमूट जगत होती. १९५१ साली कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रांवरचा खर्च वाढला आणि अर्थमंत्र्यानं कवळी-चष्म्याचा निम्मा खर्च लोकांवर टाकला. बेव्हननं राजीनामा दिला. बरोबर हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडला, तोच पुढे पंतप्रधान झाला. तोफा की दात, हा प्रश्न तिथे मंत्रिमंडळात उघड विचारला गेला. आणि ब्रोनेमार्कच्या स्वीडननं १९७४ सालीच दातांच्या उपचारांना सरकारी विमा लागू केला होता.

आपल्याकडे काय आहे? काहीच नाही असं नाही. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही आहे. शेजारच्या कर्नाटकानं 'दंत भाग्य' नावाची मोफत कवळीची योजनाच काढली. आपल्या राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना एकदाच ३००० रुपये मिळतात. त्यात गुडघ्याचा पट्टा घ्यायचा, चष्मा घ्यायचा की दात बघायचे? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दात काढून मिळतो. बसवायचं विचारलं की 'बाहेर बघा'.

चार स्क्रूचे फिक्स दात सरकारनं सगळ्यांना द्यावेत, असं मी म्हणत नाही. पण मधला रस्ता आहे. २००२ साली कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की ज्याच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही त्याला नुसती कवळी न देता, दोन स्क्रूंवर बटणासारखी कट्ट बसणारी कवळी हाच पहिला पर्याय असावा. ती रात्री काढता येते, पण जेवताना हलत नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. शिकणारी मुलं आहेत, शिकवणारे हात आहेत. तिथे गरीब ज्येष्ठांसाठी हे वर्षभर चालायला काय हरकत आहे? आणि तालुक्याला निदान साधी कवळी. त्यासाठी दंतवैद्याबरोबर कवळी बनवणारा तंत्रज्ञ आणि छोटी प्रयोगशाळा लागते. रस्त्याच्या एखाद्या ठेक्याच्या मानानं हा खर्च काहीच नाही.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण नशिबावर सोडून देतो. वॉशिंग्टनपासून वयोश्रीपर्यंतचा हा इतिहास सांगतो की यात नशीब फार थोडं आहे. शास्त्रानं आपलं काम कधीच केलंय. दात कुणाच्या तोंडात जायचे हे पेटंट, कंपनी आणि सरकारचं अंदाजपत्रक ठरवतं. त्यातल्या निदान तिसऱ्याला आपण जाब विचारू शकतो.

म्हणून एक काम करा. तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कवळी करून मिळते का, मिळत नसेल तर काय कारण सांगितलं, आणि वयोश्रीतून कुणाला दात मिळालेत का, हे खाली लिहा. कुणाचं खासगी नाव नको, फक्त तालुका आणि वर्ष. यादी झाली की ती निवेदनासह जिल्हा शल्यचिकित्सकांकडे देतो, आणि काय उत्तर आलं ते इथेच टाकतो.